कोबी खाल्ल्याने डोक्यात किडा जातो का? टेपवर्मची खरी साखळी समजून घ्या

दर पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. कोणीतरी कोबीचा गड्डा चिरतं, पानांमधून चिमट्याने वळवळणारी अळी बाहेर काढतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'कोबी खाऊ नका, हा किडा थेट मेंदूत जातो.' मग आठवडाभर घरात कोबी येत नाही. कोपऱ्यावरच्या मंचुरियनवाल्याकडेही संशयाने बघितलं जातं. पुढच्या आठवड्यात सगळे विसरून जातात.

या व्हिडिओतला अर्धा भाग साफ खोटा आहे. त्यात दिसणारी अळी बहुतेक वेळा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. कोबी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ही कीड चांगलीच माहीत असते. ती चुकून पोटात गेलीच तर पचून जाते. मेंदूपर्यंत जाणं तिला कधीच जमणार नाही.

उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे. एका जंताची पिल्लं माणसाच्या मेंदूत खरोखर जाऊन बसतात. दुसऱ्या एका जंतामुळे लिव्हरमध्ये नारळाएवढी पाण्याची गाठ होऊ शकते. आणि हे जंत डोळ्यांना दिसणाऱ्या अळीतून येत नाहीत. ते येतात डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांमधून.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी २०१४ मध्ये अन्नातून पसरणाऱ्या २४ परजीवींची क्रमवारी जाहीर केली होती. त्या यादीतले पहिले तिन्ही नंबर टेपवर्मचे होते. पहिला डुकराशी जोडलेला, दुसरा कुत्र्याशी आणि तिसरा कोल्ह्याच्या कुळातल्या खोकडाशी. मग हे जंत माणसापर्यंत येतात कसे? आणि दोष नेमका कोणाचा, कोबीचा, डुकराचा, कुत्र्याचा की आपला?

एका जंताची दोन घरं

टेपवर्मला मराठीत फीतकृमी म्हणतात. शिंप्याच्या टेपसारखा चपटा, लांब आणि तुकड्यातुकड्यांचा जंत. त्याला स्वतःचं तोंड नसतं, पोटही नसतं. तो आतड्याला डोकं चिकटवून बसतो आणि आपण खाल्लेलं अन्न अंगावाटे शोषून घेतो. शेपटीकडचे तुकडे अंड्यांनी भरले की गळून पडतात आणि विष्ठेतून बाहेर जातात.

या जंताला आयुष्य पूर्ण करायला दोन वेगवेगळे प्राणी लागतात, ही त्याची खासियत. एकाच्या आतड्यात तो मोठा होतो आणि अंडी घालतो. दुसऱ्याच्या मांसात, लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात त्याची पिल्लं गाठी करून वाट बघत बसतात. वाट कशाची? पहिल्या प्राण्याने दुसऱ्याला खाण्याची. खाल्लं की गाठीतलं पिल्लू आतड्यात मोठं होतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

म्हणजे प्रत्येक टेपवर्मच्या गोष्टीत एक 'खाणारा' असतो आणि एक 'खाल्ला जाणारा'. खाणाऱ्याला सहसा फार त्रास होत नाही. हाल होतात ते खाल्ल्या जाणाऱ्याचे, कारण गाठी त्याच्या शरीरात असतात. माणसाचा घोळ होतो तो इथेच. तो चुकून 'खाल्ल्या जाणाऱ्या' प्राण्याच्या जागी जाऊन बसतो.

डुक्कर, माणूस आणि एक मोठा गैरसमज

सगळ्यात कुप्रसिद्ध जंताचं नाव टीनिया सोलियम. यात खाणारा म्हणजे माणूस आणि खाल्लं जाणारं डुक्कर.

उघड्यावर पडलेली माणसाची विष्ठा डुकराने खाल्ली की त्यातली अंडी डुकराच्या पोटात जातात. तिथे फुटून पिल्लं रक्तातून मांसापर्यंत पोहोचतात आणि तिथे साबुदाण्याएवढ्या गाठी धरतात. ते मांस कच्चं किंवा अर्धवट शिजवून खाल्लं की माणसाच्या आतड्यात २ ते ७ मीटर लांबीचा जंत वाढू शकतो.

ही साखळी सिद्ध झाली तो प्रयोग आज ऐकताना अंगावर काटा येतो. १८५५ मध्ये जर्मनीतले डॉक्टर फ्रिडरिश क्युखेनमाइस्टर यांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला न सांगता डुकराच्या गाठी खायला घातल्या. फाशीनंतर त्याचं आतडं उघडलं तेव्हा त्यात टेपवर्मची पिल्लं चिकटलेली सापडली. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, पण डुकरातली गाठ आणि माणसातला जंत हे एकाच जीवाचे दोन अवतार आहेत, हे त्यातून कळलं.

आता गैरसमजाबद्दल. 'डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत किडा जातो' असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात मांसातली गाठ खाल्ली तर जंत होतो आतड्यात. पोटात थोडं दुखणं, शौचातून पांढरे चपटे तुकडे जाणं, एवढीच लक्षणं दिसतात. अनेकांना तर काहीच जाणवत नाही.

मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी गिळल्यामुळे. आणि ही अंडी डुकराच्या मांसात नसतातच. ती असतात आतड्यात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेत. अशा माणसाने शौचानंतर हात नीट धुतले नाहीत आणि पोळ्या लाटल्या, कोशिंबीर कालवली, तर ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. त्याच्या स्वतःच्याही जाऊ शकतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू तुमचं शरीर डुकराचं आहे असं समजून रक्तातून प्रवास करतं आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत मुक्काम ठोकतं. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

याचा धडधडीत पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळाला. १९९२ मध्ये तिथल्या कट्टर ज्यू समाजातल्या चार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौघांनाही फिट येत होत्या आणि मेंदूत याच जंताच्या गाठी होत्या. या समाजात डुकराचं मांस धर्माने वर्ज्य आहे. मग जंत आला कुठून? तपासात लक्ष गेलं त्यांच्या घरी काम करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मदतनीसांकडे. त्यांच्या मूळ देशांमध्ये हा जंत सर्रास आढळतो. जंत पोटात असलेल्या व्यक्तीला तो आहे हे माहीतही नसतं, आणि तिच्या हातचं जेवण रोज घरात खाल्लं जातं.

थोडक्यात, आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. भारतात असे रुग्ण सापडतातही.

भारताशी याचं जुनं नातं

१९३० च्या दशकात ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. भारतात नोकरी करून परतलेल्या धडधाकट सैनिकांना अचानक फिट यायला लागल्या होत्या. घराण्यात कोणाला हा त्रास नाही, डोक्याला मार नाही. काहींना तर वेडे किंवा ढोंगी ठरवलं गेलं. विल्यम मॅकआर्थर या लष्करी डॉक्टरांनी यामागे टेपवर्मच्या गाठी आहेत हे दाखवून दिलं. पुढे १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यातून कळलं की अंडी पोटात गेल्यानंतर पहिली फिट यायला कित्येक वर्षं लागू शकतात.

एवढा उशीर का? कारण मेंदूतली गाठ जिवंत असते तेव्हा ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेला गुंगारा देते. ती मेंदू 'कुरतडत' नाही, नुसती बसून असते. काही वर्षांनी ती मरायला लागते, तेव्हा शरीराला तिचा पत्ता लागतो. तिच्याभोवती सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. म्हणजे त्रास अनेकदा गाठ मरताना सुरू होतो.

भारतातल्या रुग्णांमध्ये बऱ्याचदा अशी एकच छोटी गाठ दिसते. स्कॅनमध्ये ती क्षयाच्या गाठीसारखी दिसत असल्याने अनेक रुग्णांना एकेकाळी टीबीची औषधं दिली जात होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले न्यूरोसर्जन वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे नमुने तपासून त्यातल्या बहुतेक टेपवर्मच्या असल्याचं दाखवलं. त्यामुळे हजारो रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली.

सर्वसामान्यांना हा आजार माहीत झाला तो लिएंडर पेसमुळे. २००३ मध्ये अमेरिकेत असताना त्याला तीव्र डोकेदुखी सुरू झाली. स्कॅनमध्ये डाग दिसला आणि ब्रेन ट्यूमरची भीती व्यक्त झाली. देशभर चिंता पसरली. पुढच्या तपासण्यांमध्ये तो न्यूरोसिस्टिसर्कोसिस निघाला. पेस बरा झाला आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महेश भूपतीसोबत कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत खेळला.

पेसला चांगले उपचार मिळाले. खेड्यातल्या एखाद्या मुलीला पहिली फिट येते तेव्हा मात्र तिला कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेलं जातं, आणि लग्न मोडेल म्हणून आजार लपवला जातो. कायदाही बराच काळ तिच्या विरोधात होता. हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला अडसर ठरणारा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होता. हे सगळं ज्या आजारामुळे घडतं, तो अनेकदा टाळता येण्यासारखा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा जंत जिथे सर्रास आढळतो अशा अनेक भागांमध्ये अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच कारण असतो.

कुत्रा आणि मेंढी: कलेजीवरची पाण्याची गाठ

यादीतला दुसरा जंत म्हणजे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. नाव लांबलचक, पण जंत जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असू शकतात आणि तरीही कुत्रा ठणठणीत दिसतो.

यात खाणारा कुत्रा आणि खाल्ली जाणारी मेंढी, शेळी, गाय किंवा म्हैस. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गवतावर, पाण्यात पडतात आणि चरताना मेंढीच्या पोटात जातात. मेंढीच्या लिव्हर आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. मेंढपाळ आणि खाटीक या दोघांनाही या गाठी ओळखीच्या असतात. गिऱ्हाइकाला नको म्हणून गाठ असलेला कलेजीचा किंवा फुफ्फुसाचा तुकडा कापून बाजूला काढला जातो. आणि तो जातो कुठे? दुकानासमोर शेपटी हलवत बसलेल्या कुत्र्याकडे.

जंताला नेमकं हेच हवं असतं. एका गाठीत हजारो पिल्लं असू शकतात. ती कुत्र्याच्या आतड्यात गेली की साधारण सहा आठवड्यांत मोठी होऊन अंडी द्यायला लागतात.

माणूस इथेही चुकून मेंढीच्या जागी येतो. कुत्र्याच्या केसांना, तोंडाला अंडी चिकटलेली असतात. लहान मूल कुत्र्याला मिठी मारतं, तोच हात तोंडात घालतं. किंवा अंडी माती, पाणी आणि पालेभाजीवाटे पोटात जातात. त्यानंतर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, त्याखालोखाल फुफ्फुसात गाठ धरते. यालाच हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती हळूहळू वाढते. कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. मग कधीतरी वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली जाते आणि डॉक्टर विचारतात, 'घरी कुत्रा होता का?'

ही गाठ फुटली तर आतल्या पाण्यामुळे जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय त्यातली पिल्लं पोटात पसरून नवीन गाठी होऊ शकतात. म्हणून ऑपरेशन फार जपून करावं लागतं. जगात कोणत्याही वेळी १० लाखांहून जास्त लोक एकायनोकॉकसच्या आजारांसह जगत असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गंमत म्हणजे इथेही मटण खाणाऱ्याला थेट धोका नाही. कलेजीतली गाठ माणसाच्या पोटात गेली तरी त्यातून माणसाला हायडॅटिड होत नाही, कारण ती पिल्लं फक्त कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात वाढतात. धोका गाठ कुत्र्यापुढे टाकण्यात आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, तर देशात भटकी कुत्री सुमारे १.५३ कोटी. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांसोबत राखणीची कुत्री असतातच. वाटेत मेंढी दगावली किंवा कापली, तर आतडी-फुफ्फुसं कुत्र्यांच्या वाट्याला जातात. पण ही फक्त मेंढपाळांची गोष्ट नाही. शहरातल्या मटणाच्या दुकानामागे आणि गावच्या जत्रेतल्या बळीच्या जागी हेच घडतं. भटक्या कुत्र्यांवरची आपली चर्चा रेबीजपाशी थांबते, आणि त्यांना रोज काय खायला मिळतं हा मुद्दा बाजूलाच राहतो.

कुत्र्याचा आणखी एक टेपवर्म मेंढीच्या थेट मेंदूत गाठ करतो. अशी मेंढी कळप सोडून एकाच जागी गोल गोल फिरत राहते आणि शेवटी मरते. माणसाला हा जंत क्वचितच होतो, पण मेंढपाळाचं नुकसान मात्र रोकडं असतं.

जंगलातही हीच साखळी

कुत्र्याचे भाऊबंद म्हणजे लांडगा आणि कोल्हा. त्यांच्याही आतड्यात हा जंत राहू शकतो. दख्खनच्या माळरानावर लांडगा मेंढ्यांच्या कळपामागे असतो. त्याच माळावर राखणीची आणि भटकी कुत्री फिरतात. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं की त्यावर सगळेच ताव मारतात. तिथे जंताला 'जंगली' आणि 'पाळीव' असा भेद नसतो.

दोष जंगलावर ढकलण्याआधी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. तिथे हा जंत युरोपीय लोकांनी आणलेल्या मेंढ्या आणि कुत्र्यांबरोबर आला. पुढे तो तिथल्या डिंगो या जंगली कुत्र्यांमध्ये आणि त्यांचं भक्ष्य असलेल्या कांगारूंच्या कुळात पसरला. म्हणजे जंगलाला हा रोग माणसाने दिला. आता पाळीव कुत्र्यांना औषध दिलं तरी जंगलातली साखळी चालूच राहते.

यादीतला तिसरा जंत तर खास जंगलातलाच. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत खोकड आणि उंदरांच्या जातीचे छोटे प्राणी यांच्यात तो फिरतो. माणसाच्या लिव्हरमध्ये तो कॅन्सरसारखा पसरत जातो आणि उपचार न झाल्यास जीव घेतो.

जपानच्या होक्काइदोजवळ रेबुन नावाचं बेट आहे. १९२० च्या दशकात तिथे झाडांची नासधूस करणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करायला बाहेरून खोकड आणून सोडले गेले. त्यांच्यासोबत हा जंतही बेटावर उतरला आणि पुढे गावकरी आजारी पडू लागले. तिथली साखळी नंतर मोडून काढली गेली. पण मुख्य होक्काइदो बेटावरच्या खोकडांमध्ये हा जंत आजही आहे. तिथे फिरायला जाणाऱ्यांना बजावलं जातं की खोकडाला हात लावू नका, खायला घालू नका आणि ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

युरोपातही असंच काहीसं घडलं. जंगलात लसीची आमिषं टाकून तिथे खोकडांमधला रेबीज आटोक्यात आणला गेला. हे मोठं यश होतं. पण रेबीजने मरणं थांबल्यावर खोकडांची संख्या वाढली आणि ते झुरिकसारख्या शहरांच्या बागांपर्यंत आले. त्यांच्या पोटातला टेपवर्मही सोबत आला. मग जंताचं औषध घातलेली आमिषं टाकून बघितली गेली.

मग कोबीचा दोष किती?

कोबी, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर. यातलं काहीही टेपवर्म तयार करत नाही. भाजी म्हणजे फक्त गाडी. सांडपाण्यावर पिकवलेल्या किंवा उघड्यावरच्या विष्ठेचा संपर्क आलेल्या भाजीवर अंडी येऊ शकतात. कोबीची पानं एकावर एक घट्ट असतात आणि ती कच्ची खाल्ली जातात, म्हणून तिचं नाव जास्त बदनाम. पण पाणीपुरीवरची न धुतलेली कोथिंबीर तितकीच धोक्याची ठरू शकते. आणि नीट शिजवलेल्या कोबीच्या भाजीत काहीच भीती नाही, कारण उष्णतेने अंडी मरतात.

साखळी तोडून दाखवणारे देश

एकोणिसाव्या शतकात आइसलँड हा हायडॅटिडने सर्वाधिक ग्रासलेल्या देशांपैकी एक होता. १८६३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे तिथे गेले. त्यांनी १०० कुत्र्यांची आतडी तपासली, तर २८ मध्ये हा जंत सापडला. त्यांनी साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि सरकारने ती १८६४ मध्ये लोकांमध्ये वाटली. मेंढ्यांच्या गाठी कुत्र्यांना घालू नका, पुरून किंवा जाळून टाका, कुत्र्यांना जंताचं औषध द्या, एवढंच त्याचं सार. मागोमाग १८६९ मध्ये कायदा आला. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून कित्येक दशकं कुत्रा पाळण्यावरच बंदी होती. हळूहळू हा आजार देशातून नाहीसा झाला. आजच्यासारखी प्रभावी औषधं, स्कॅन, लस यातलं काहीही हाताशी नसताना या कामाची सुरुवात झाली होती.

डुकरांच्या जंताचं उदाहरण पेरूचं. तिथल्या तुंबेस भागात माणसं आणि डुकरं दोघांनाही औषध आणि डुकरांना लस अशी मोहीम राबवली गेली. सुमारे ८० हजार लोकवस्तीच्या १०७ गावांपैकी १०५ गावांत संसर्ग थांबला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

डुकरांची ही लस भारतातही तयार होते. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधनावर आधारलेली 'सिस्वॅक्स' ही लस हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने २०१६ मध्ये बाजारात आणली. पण लस असणं आणि ती टोचली जाणं यात अंतर आहे. गाठी असलेलं डुक्कर वरून धडधाकट दिसतं. डुकरं पाळणाऱ्या गरीब माणसाला लसीच्या पैशांचा त्याच्या हयातीत दिसणारा फायदा काहीच नसतो. फायदा होतो समाजाला, मग खर्चही समाजानेच उचलायला हवा, असं तज्ज्ञ म्हणतात ते त्यामुळेच.

माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्याला 'वन हेल्थ' म्हणतात. नागपूरला याच विषयासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. टेपवर्म हे या विचाराचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. मेंदूचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर, शौचालय बांधणारी ग्रामपंचायत आणि मटणाच्या दुकानाला परवाना देणारी महापालिका, या सगळ्यांकडे साखळीची एकेक कडी आहे.

घरात काय करायचं?

- शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. नखं कापलेली ठेवा. सगळ्यात मोठा बचाव हाच.
- कच्च्या खायच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची बाहेरची पानं काढून टाका, आतली सुटी करून धुवा. मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवल्याने अंडी मरतात असं समजू नका. धुण्याने ती निघून जातात, शिजवल्याने मरतात.
- मांस आतपर्यंत नीट शिजवा.
- कुत्र्याला कच्ची आतडी, कलेजी, फुफ्फुसं घालू नका. पाळीव असो की गल्लीतला, नियम तोच. घालायचीच असतील तर उकळून घाला. दुकानदारालाही सांगा.
- कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंताचं औषध द्या. त्याच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तो पिसवांमधून येणारा वेगळा टेपवर्म असू शकतो. हायडॅटिडचा जंत मात्र इतका बारीक असतो की विष्ठेत तो सहसा नजरेस पडत नाही. म्हणून 'आमच्या कुत्र्याला काही नाही' असं नुसतं बघून ठरवता येत नाही.
- शौचातून पांढरे चपटे तुकडे गेले तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. औषध साधं आहे. तुमच्यावर उपचार झाले की घरातले बाकीचेही वाचतात.
- फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच हॉस्पिटल गाठा. पहिलीच फिट असेल तर मेंदूचा स्कॅन आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारा.
- भीतीपोटी स्वतःच्या मनाने जंताच्या गोळ्यांचा कोर्स करू नका. मेंदूत गाठी असतील तर औषधाने त्या एकदम मरतात आणि सूज वाढू शकते. म्हणून डॉक्टर आधी स्कॅन बघतात आणि सूज कमी करणारी औषधं सोबत देतात. शाळेत वर्षातून दोनदा दिली जाणारी जंताची गोळी ही वेगळी मोहीम आहे. ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी असते आणि आरोग्य विभागाच्या देखरेखीखाली दिली जाते, त्यामुळे ती चुकवण्याचं कारण नाही.

आणि तो व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर आला, तर कोबीच्या बचावासाठी एवढं लिहिलं तरी पुरे: 'ही अळी मेंदूत जात नाही. जातात ती न दिसणारी अंडी, आणि ती येतात न धुतलेल्या हातातून, उघड्यावरच्या विष्ठेतून आणि कुत्र्यापुढे टाकलेल्या कच्च्या आतड्यांतून.'